नरसापूरचा क्रोशे टेबलक्लॉथ : घेण्याआधी उलटा करून पाहा

आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, समुद्राजवळच्या नरसापुरात क्रोशाची लेस घरोघरी विणली जाते. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना शिकवलेल्या या कामाला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनातून माल कुठला ते कळतं, जोडणी नीट झाली की नाही ते आपणच बघायचं.

हा टेबलक्लॉथ 90 सेंमी चौरस, पांढऱ्या मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमकदार केलेल्या सुताचा आहे. 9 सेंमीचे 100 चौकोन, प्रत्येकात मधोमध फूल. विणकाम अव्वल. फुलाच्या पहिल्या फेरीत 12 खांब (क्रोशाचे उभे टाके), मग 24, मग 36 आणि त्यानंतर साखळ्यांच्या कमानी देऊन गोलाचे कोपरे काढलेत. दर फेरीला 12 खांब वाढलेत म्हणून फूल सपाट बसतं. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर.

गडबड आहे ती जोडणीत. चौकोन वेगवेगळ्या बायका विणतात आणि ते नंतर जोडले जातात. सूत आणि सुई तीच असली तरी एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. साडेआठ सेंमीचा तुकडा नऊच्या जागेत ताणून बसवला की शेजारचे चारही चौकोन त्याच्याकडे ओढले जातात. इथे मधल्या भागात तसा एक चोळ दिसतो. ओला करून टाचण्या लावून वाळवला तर बराच कमी होतो, पुरता जात नाही.

आता उलटी बाजू. दर चौकोनाला सुताची दोन, म्हणजे एकूण 200 टोकं. बहुतेक खांबांतून नीट फिरवलीत, पण काठाजवळ काही नुसती गाठ मारून कापलीत. मर्सराइज्ड सूत गुळगुळीत असतं, गाठ धुण्यात सरकते आणि कमान उसवते. टोक चार-पाच सेंमी आत ओवून पुन्हा उलट दिशेने फिरवायला हवं. नगावर मजुरी ठरली की कंटाळवाण्या कामाला आधी कात्री लागते, त्याचा दोष विणणारीला देण्यात अर्थ नाही. आखूड टोकं पहिल्या धुण्याआधीच त्याच जाडीच्या सुताने पक्की करून घ्या.

हातकाम ओळखायचं तर दोन फुलं शेजारी धरा. यंत्राच्या लेसमध्ये चूकसुद्धा दर नमुन्यात त्याच जागी येते, इथे दोन फुलं तंतोतंत सारखी नाहीत.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि अर्धा तास भिजवण पुरे. पिळू नका, दोरीवर टांगू नका. ओल्या सुताच्या वजनाने चौकोन लांबतात. टॉवेलवर पसरून कोपरे टाचा, इस्त्री उलट्या बाजूने करा. खळ वापरायच्या वेळीच द्या. खळीसकट कपाटात ठेवलात तर कसर लागते.

टिपॉयवर घालायला जरूर घ्या. रोजच्या जेवणाच्या टेबलावर मात्र नको, बांगडी कमानीत अडकते.