वाघूरच्या पाण्यावर विंडसर्फिंग बोर्ड : आठ महिने वापरून

माझं मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे पाणी कुठे अडतं आणि पंप कुठे हवा धरतो, हा रोजचाच विषय. नोव्हेंबरात मुंबईहून विंडसर्फिंगचा, म्हणजे उभं राहून शिडाच्या जोरावर पाण्यावर चालवायचा जुना बोर्ड आणला, १४५ लिटर आकारमानाचा, अडीच मीटर लांबीचा. चालवतो जळगावजवळच्या वाघूर धरणावर. तीरावरच्या बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई काय शे भो?" नीट उत्तर द्यायला मला जुलै उजाडला.

लिटरचा आकडा म्हणजे बोर्ड किती वजन तरंगवेल त्याचा अंदाज; घेताना कामाचा, नंतर विसरा. माझे ८२ किलो, बोर्ड आणि शीड मिळून बावीसेक. धरणाचं पाणी गोडं, म्हणून समुद्रापेक्षा साडेतीन किलो उचल कमी. तरीही उभं राहून शीड ओढायला पुरेसा आधार उरतो.

खरी करामत शेपटीत आहे. ताशी सातेक किलोमीटरपर्यंत बोर्ड नावेसारखा पाणी ढकलत जातो आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतो. वाऱ्याचा झोत आला की तो त्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरू लागतो. त्यासाठी मागचा तळ सपाट आणि कड धारदार लागते. हे मला माझ्याच चुकीतून कळलं. फेब्रुवारीत दगडावर आपटून शेपटीची कड फुटली. एपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा गोंद) भरून घासताना मी ती हौसेने छान गोल केली. दिसायला सुरेख, पण बोर्ड उठेचना! नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघा, चमचा धारेकडे ओढला जातो. गोल कडेवर तेच होतं, पाणी सुटण्याऐवजी कडेला चिकटून वर वळतं आणि शेपूट खाली ओढतं. टेपचा बांध घालून, पुन्हा एपॉक्सी ओतून कड काटकोनी केली, तेव्हा बोर्ड पहिल्यासारखा सुटला.

फिनचंही, म्हणजे शेपटीखालच्या उभ्या पात्याचंही, तसंच. शीड आडवं ढकलतं, फिन विमानाच्या पंखासारखी उलट जोर लावते. वेग नसताना मागच्या पायाने रेटलं की फिन वरून हवा ओढून घेते आणि शेपूट एकदम बाजूला घसरते. पंप हवा धरतो ना, अगदी तसं. फिनच्या पुढच्या कडेवरची खोच पॉलिशपेपरने घासल्यावर हे बरंच कमी झालं. शीड हवं तसं कलवता येणारा सांधा बसवून १९६८मध्ये अशा बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या दोघांपैकी जिम ड्रेक हा विमान अभियंता होता, हे वाचून नवल वाटलं नाही.

वाऱ्याबद्दल तक्रार आहे, पण ती बोर्डाची नाही. हिवाळा जवळपास वाया गेला. मेच्या दुपारी वारा येतो, पण ४३ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ, तेवढा जोर कमी. शिवाय झोत लहरी. वारा वीसचा तीस झाला की शिडावरचा जोर सव्वादोनपट होतो, हात उखडायची वेळ येते. जून-जुलैचा वारा मात्र झकास. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या.

इकडे घेणाऱ्यांनी ऊन सांभाळावं. आत फोम आणि हवा असते, ती तापून फुगली की वरचा थर सुटतो. म्हणून गाडीच्या टपावर नेताना हवेचा स्क्रू सैल करायचा. पाण्यात उतरताना तो आवळायला मी दोनदा विसरलो. आता स्क्रू सैल केला की शिडाच्या दोरीला लाल चिंधी बांधतो.