लुओयांगचा सान्त्साय घोडा: झिलई अव्वल, चेहरा कच्चा

चीनच्या हनान प्रांतात लुओयांगजवळ नानशीशान नावाचं गाव आहे. तांग राजघराण्याच्या काळातल्या (618–907) सान्त्साय, म्हणजे ‘तीन रंगी’ झिलईच्या मातीच्या मूर्तींच्या प्रतिकृतींसाठी ते ओळखलं जातं. झिलई म्हणजे भट्टीत वितळून मातीवर बसलेला काचेसारखा लेप. तिथला हा साधारण 30 सेंटीमीटर उंचीचा घोडा झिलईसाठी घ्यावा, इतकी ती सुंदर उतरली आहे.

शिशाची झिलई 800 ते 900 अंश सेल्सिअसलाच वितळते आणि पातळ होऊन खाली धावते. तांब्यामुळे हिरवा, लोखंडामुळे पिवळा ते तपकिरी, कोबाल्टमुळे निळा रंग येतो. इथे खोगिराचा हिरवा ओघळ पिवळ्या कुशीवर उतरलाय, दोन्ही रंगांच्या कडा एकमेकांत विरल्यात आणि पायावर ओघळाचा जाड थेंब गोठलाय. हे काम भट्टीच करते, कुंचल्याला ते जमत नाही. स्वस्त प्रतींमध्ये रंगांच्या कडा रेघ मारल्यासारख्या दिसतात. तिथे झिलई नीट वाहिलेलीच नसते.

चेहऱ्यानं मात्र निराशा केली. नाकपुड्या आणि ओठ बोथट आहेत. साचा झिजला की बारकावे आधीच पुसट उमटतात, त्यावर जाड झिलई बसली की उरलेलेही बुजतात. जुन्या तांग घोड्यांची जान त्या डोक्यातच असते, म्हणून ही उणीव मोठी.

घोडा साच्यातून भागाभागांनी काढून पातळ मातीनं जोडतात. आतून तो पोकळ असतो. पोटाखालच्या भोकातून टॉर्च मारून सांधे बघा. जोडताना दोन भागांचा ओलावा सारखा नसेल तर वाळताना सांधा ओढला जातो आणि 1000 अंशांच्या पुढच्या पहिल्या, झिलई लावण्याआधीच्या भाजणीत उकलतो. झिलईतल्या केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नका. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसते, म्हणून त्या पडतात. पण नख अडकलं तर तडा अंगातच आहे. खाचांत चिकटवलेली माती ओल्या कापसानं निघाली तर ती जुनाटपणाचा आव आणण्यासाठी फासलेली आहे.

मूळ मूर्ती थडग्यांत ठेवायच्या होत्या. याच झिलईचे वाडगे, ताटल्या जेवणाला वापरू नका, कारण आंबट पदार्थात शिसं उतरतं. झिलई बिनशिशाची असल्याचा चाचणी अहवाल नसेल तर ती शिशाचीच समजा. पितळेसारखी चिंच-लिंबू लावून घासू नका. मऊ ब्रशनं धूळ झटका. उचलताना एक हात पोटाखाली आणि दुसरा चौथऱ्याखाली, मानेला धरून कधीच नाही.