कोळ्याचा पाय की नाकतोड्याचा?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला 'प्राण्यांची हालचाल' असा विषय आला, की मॉडेलसाठी बहुतेक घरांत हे दोनच उमेदवार उरतात. आमच्या घरात दोन्ही होऊन गेले. थोरलीने आठवीत नाकतोड्याचा पाय केला, धाकटीने दोन वर्षांनी कोळ्याचा. दोन्ही वेळा "बाबा, जरा धरा की" म्हणत म्हणत काम माझ्या गळ्यात आलं. त्यामुळे हे रात्री साडेदहानंतर फेव्हिक्विकने बोटं चिकटवून घेतलेल्या माणसाचं मत आहे, एवढं धरून वाचा.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर जुळवायचं काम करतो. "हा कोळ्याच्याच बाजूने बोलणार" असं कुणी म्हटलं तर मी फार भांडायला जाणार नाही.

पाय सहा की आठ, ते सोडा. करणाऱ्याला फरक जाणवतो तो गुडघ्यात. नाकतोडा असो, झुरळ असो, सांध्याला दोन स्नायू असतात: एक वाकवतो, दुसरा सरळ करतो. कोळ्याचं तसं नाही. त्याच्या पायातल्या दोन मोठ्या सांध्यांना, म्हणजे मांडी जिथे गुडघ्याला मिळते तिथे आणि नडगीच्या खालच्या टोकाला, वाकवणारा स्नायू आहे, पण सरळ करणारा नाहीच. ते काम रक्ताचा दाब करतो. शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू आवळले की रक्त पायात ढकललं जातं आणि पाय उघडतो. टिपर ट्रॉली बघितली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. तेल ट्रॉली उचलतं; खाली आणायला तेल लागत नाही. आमच्या भाषेत सिंगल अ‍ॅक्टिंग. ट्रॉली वजनाने खाली येते, कोळ्याचा पाय स्नायूने, एवढाच फरक.

हे कुणाच्या तर्कातून आलेलं नाही. एलिस या संशोधकांनी १९४४ मध्ये हा दाबाचा प्रकार मांडला आणि १९५९ मध्ये पॅरी आणि ब्राऊन यांनी घरातल्या कोळ्याच्या पायातला दाब मोजला. शांत असताना पाऱ्याचे सुमारे ५० मिलिमीटर, दचकला की क्षणभर ४०० पर्यंत. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून १२० सांगतात ना, तेच माप. आमच्या कामात दाब 'बार' या एककात मोजतात; त्यात धरलं तर ४०० म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. आमच्या टेस्टिंगच्या बाकावर दोनशे बारच्या खाली कुणी मान वर करून बघत नाही, आणि हा प्राणी अर्ध्या बारवर भिंत चढतो. हे वाचलं त्या रात्री मला जरा उशिराच झोप लागली.

आता थोरलीचा नाकतोडा. आईस्क्रीमच्या काड्या, सनबोर्ड, सांध्याला खिळा, आणि वर-खाली दोन दोर. एक ओढला की पाय वाकतो, दुसरा ओढला की सरळ. कागदावर याहून सोपं काही नसेल. पण एक दोर ओढताना दुसरा तेवढाच सुटायला पाहिजे. जरा कमी सुटला तर दोघांची रस्सीखेच लागते आणि पाय मधेच अडकतो. जरा जास्त सुटला तर पाय लुळा. आधी सुती दोरा घेतला. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीत आहे. ओलीने दोरा आखडायचा, एखादा दिवस ऊन पडलं की सैल. मग तंगूस लावली, तर ती ताणात राहून रात्रीतनं लांबायची. रोज सकाळी डबा भरायच्या आधी आम्ही गाठी सोडून परत बांधत होतो. प्रदर्शनाच्या दिवशी रिक्षात बांधल्या. परीक्षक टेबलापाशी आले तेव्हा पाय हलला, नाही असं नाही. पण मधल्या सुट्टीनंतर परत ढिला. हा एक त्रास मला अजून विसरता येत नाही. आणि खरं सांगायचं तर माझा निकाल तिथेच लागला.

नाकतोड्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. एकदा थोरलीने चिडून दोन्ही दोर एकदम ओढले. काडी धनुष्यासारखी वाकली, एक दोर हातातून निसटला आणि पाय असा उडाला की कपाटाला लागून काडीच मोडली. आम्ही हसलो, नंतर पुस्तकात बघितलं, तर नाकतोडा हेच करतो! उडी मारायच्या आधी तो मागचा पाय घट्ट मिटतो आणि दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतो. मिटलेल्या पायात वाकवणाऱ्या स्नायूला तरफेचा फायदा मिळतो, म्हणून तो बारीक असूनही मोठ्याला धरून ठेवतो. तेवढ्या वेळात मोठ्या स्नायूचा जोर गुडघ्याजवळच्या कठीण कवचात, ते वाकवून, साठत जातो. मग धरणारा स्नायू सोडतो आणि सगळा जोर एका झटक्यात बाहेर येतो. स्नायू एरवी इतका जलद आखडूच शकत नाही. हे दाखवायचं असेल तर नाकतोड्याला तोड नाही. फक्त समोर कुणी उभं राहू नका.

धाकटीच्या कोळ्याला लागलं ते असं: हातात धरायला दहा मिलीची सिरिंज, सांध्याला पाच मिलीची, मधे सलाईनची नळी, आणि वाकवणाऱ्या स्नायूच्या जागी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. दांडा दाबला की पाय उघडतो, सोडला की रबर त्याला परत पोटाशी आणतं. दोर एकच, तोही रबराचा. जुळवायचं काही नाही. आज बांधलेला पाय आठ दिवसांनी तसाच चालला.

याचा त्रास म्हणजे बुडबुडा. नळीत हवा राहिली की दाबलेला जोर हवा दाबण्यातच जातो आणि पाय नुसता थरथरतो. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण एअर काढणं हे माझं रोजचंच: नळी वर धरा, टिचक्या मारा, पाण्याच्या बादलीत बुडवूनच जोडा. पण शेजारच्यांनी आमचं बघून केलं, तर त्यांचा अख्खा रविवार त्यात गेला. तेव्हा ज्यांना पाण्याचा कंटाळा आहे त्यांना कदाचित दोरच बरे वाटतील.

आम्ही एका सिरिंजवर दोन पाय जोडले होते. एका पायाची नळी निसटली आणि दोन्ही पाय एकदम मिटले. धाकटी रडायला आली होती. मी म्हटलं, अगं हेच दाखव की. मोरीत मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन का पडलेला असतो, तर दाब गेला, स्नायूंची ओढ तेवढी उरली. जिवंत कोळ्याचा पाय तुटला तरी तो असा लुळा पडत नाही, कारण पाय बुडापाशी ठरलेल्या जागी तुटतो आणि जखम लगेच आवळली जाते. अमेरिकेत राईस विद्यापीठात २०२२ मध्ये मेलेल्या कोळ्याच्या अंगात सुई खुपसून, हवेने पाय उघडमीट करून त्याचा चिमटा बनवला; तो त्याच्या वजनापेक्षा जास्त ओझं उचलत होता. प्रदर्शनात धाकटीने मुद्दाम नळी काढून दाखवली. परीक्षक कन्नडमधून विचारत होते आणि तिचं कन्नड यथातथाच. "जेड" (म्हणजे कोळी) एवढं म्हणून तिने नळी उपसली, पुढचं पायानेच सांगितलं. (थोरलीच्या वेळी झुरळाचं 'जिरळे' आपोआप कळलं होतं, तेवढा किड्यांना एक गुण.)

एक अट मात्र आहे. तुम्हाला चालतं मॉडेल करायचं असेल तर माझं ऐकू नका, झुरळ घ्या. किडा चालताना एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय टेकवतो, तेवढ्यात उरलेले तीन पुढे जातात. तिपाई कधी डुगडुगत नाही, आणि एका मोटरवर हे जमतं. कोळी चार-चारच्या दोन टोळ्या करतो. ते सिरिंजांवर चालवायला हातच पुरत नाहीत. पळण्यातही झुरळ वरचढ. मोरीतलं ते मोठं लाल झुरळ सेकंदाला दीड मीटर पळतं असं १९९१ मध्ये 'फुल' आणि 'तू' अशा आडनावांच्या दोन संशोधकांनी मोजलंय, आणि तेवढ्या वेगात ते मागच्या दोन पायांवर उठतं. आमच्या घरचा भिंतीवरचा चपटा मोठा कोळी पहिल्या झेपेला त्याच्या बरोबरीचा वाटतो, पण चारपाच वेळा झाडू दाखवला की बसतो. दाब चढलेला असताना मागून ताजं रक्त पुढे येणं अडतं, हे त्याचं एक कारण सांगतात.

पण एकच पाय करायचा असेल, घरात कुणाला रोज गाठी मारायला वेळ नसेल, आणि मॉडेल रिक्षातून न्यायचं असेल, तर मी तरी सिरिंज घेईन.

पाण्यात थोडी निळी शाई टाका. गळती कुठे आहे ते लगेच दिसतं. परीक्षकांनी लाल का नाही विचारलं तर उत्तरही तयार आहे: कोळ्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते निळसरच दिसतं. फक्त त्या दिवशी शाळेचा पांढरा शर्ट घालून सिरिंज भरू देऊ नका.