नेरुळचा उन्हाळी म्युझिक फेस्ट: हलगीवाल्यासाठी परत जाईन, पाण्याच्या रांगेसाठी नाही

आधी मार्क देऊन टाकतो. शेवटच्या बँडच्या सेटला पाचपैकी साडेचार, आयोजनाला पाचपैकी दीड, आणि त्या दीडमधला एक कोकम सरबतवाल्या काकूंचा.

मे महिन्यात, नवी मुंबईत, उघड्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम म्हटल्यावर घरी निम्म्या लोकांनी हातच जोडले. आपल्याकडे असलं सगळं थंडीत असतं ना. यूटू आले ते १५ डिसेंबर २०१९ला, कोल्डप्ले जानेवारी २०२५मध्ये तीन रात्री, दोन्ही इथंच नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मे महिन्यातला मला आठवतो तो एकटा जस्टिन बीबर, १० मे २०१७, आणि त्याला गेलेला आमच्या ऑफिसातला एक जण पुढचे दोन दिवस नुसतं ओआरएस पीत बसला होता. आई म्हणाली, खारघरचं विसरलास का रे? विसरलो नव्हतो. १६ एप्रिल २०२३, भर दुपारच्या उन्हात लाखो माणसं मैदानात बसलेली आणि उष्माघाताने माणसं गेली. म्हणून तिकीट काढायच्या आधी कोण कोण वाजवणार हे नंतर बघितलं, गेट किती वाजता उघडणार ते आधी बघितलं. साडेचार. आम्ही साडेसहाच्या आत जायचं नाही असं ठरवलं आणि तेच बरोबर ठरलं, चारपासून आलेली पोरं आम्ही पोचलो तेव्हा जनरेटरच्या सावलीत आडवी पडली होती.

आम्ही म्हणजे मी, भाची, साऊंडचं काम करणारा एक मित्र आणि मावशी. मावशी चौसष्ट वर्षांची आहे, नौपाड्यात राहते, तिला कोणीतरी सांगितलं की शेवटचा जो बँड आहे तो देवीचा गोंधळ वाजवतो, झालं, तिने पर्समध्ये ग्लुकोज आणि कांदा टाकला आणि निघाली. कांदा कशाला हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. ठाण्याहून नऊ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर लोकल पकडली, संध्याकाळची गर्दी उलट्या दिशेने येत होती त्यामुळे चक्क बसायला मिळालं, अर्ध्या तासात नेरुळ.

बँडचं नाव मी इथे लिहीत नाहीये. कारण खाली आयोजकांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून बँडला पुढच्या वर्षी कोणी बोलावलं नाही तर ते पाप मला नको. कोल्हापूरकडची पाच जणं आहेत, गाणारी ताई, बेस, ड्रम्स, एकच माणूस हार्मोनियम आणि कीबोर्ड दोन्ही सांभाळतो, आणि एक हलगी-संबळवाला. ज्यांनी ऐकलंय त्यांना एवढ्यावरून कळेलच.

आता पाणी. बाहेरची बाटली गेटवर काढून घेतात, आत अर्ध्या लिटरची साठ रुपयांना, तीसुद्धा थेट पैसे देऊन नाही, आधी कुपन काढायचं, कुपन कमीत कमी तीनशेचं, कुपनाच्या खिडकीवर एक रांग आणि पाण्याला दुसरी रांग. यूपीआय चालेना कारण एवढ्या गर्दीत नेटवर्कच नाही, मग कॅश, मग सुट्टे नाहीत. मे महिना, संध्याकाळी सातला पण अंगाला शर्ट चिकटलेला, आणि तुम्ही पाण्यासाठी माणसाला चाळीस मिनिटं उभं करता? एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या त्यांना पुढे जा म्हटलं तर मागचा एक जण माझ्यावरच ओरडला. असो. फुकट पाण्याचा एक ड्रम होता म्हणे, बाहेर पडताना दिसला, टॉयलेटच्या मागे, एक ग्लास साखळीने बांधलेला.

पण त्या रांगेमुळेच मला अख्ख्या संध्याकाळचा सगळ्यात भारी सीन दिसला. पाण्याचा स्टॉल स्टेजच्या डाव्या अंगाला होता आणि तिथून पडद्यामागचं अर्धं दिसत होतं. एक माणूस, गळ्यात गमछा, हातात हलगी, आणि तो ती हलगी लाईटच्या हॅलोजनसमोर धरून गोल गोल फिरवतोय. पापड भाजताना आपण कसं फिरवतो तसं. थोडं फिरवलं की कानाजवळ न्यायची, बोटाने टक्क करून वाजवायची, मान हलवायची की नाही अजून, परत हॅलोजनसमोर. गावाकडे हलगी जाळावर शेकतात, कागद नाहीतर पालापाचोळा पेटवून. इथे मैदानात जाळ कोण करू देणार, म्हणून बहुतेक हॅलोजन. चामडं आहे ना ते, हवेतला दमटपणा पिऊन सैल पडतं आणि आवाज बसतो, आणि खाडीकाठच्या मे महिन्यात दमटपणाला काय तोटा. मित्र म्हणाला हल्ली फायबरचं पान लावतात लोक, पावसात पण वाजतं, शेकायची भानगड नाही. मग हा का नाही लावत? तर म्हणे ऐक आणि मग सांग.

मधल्या दोन बँडबद्दल फार लिहीत नाही. एक इंग्लिश गाणारी पोरं होती, चांगली होती, भाचीला सगळे शब्द पाठ. दुसऱ्याने वीस मिनिटं नुसतं "नवी मुंबई, आवाज कुठाय" केलं. अरे बाबा, आवाज पाण्याच्या रांगेत आहे. तेवढ्यात वरून फ्लेमिंगोंचा एक थवा गेला, वाकडीतिकडी रेघ, उजेड जाता जाता पंखांखालचा गुलाबी रंग दिसला, आणि दोन मिनिटं स्टेजकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे मोबाईल वर. पाऊस सुरू झाला की जातील बहुतेक, तोवर नेरुळला हे फुकटात.

मेन बँडला आठ वाजता सुरू करायचं होतं, सत्तर मिनिटांचा सेट. सुरू झाला नऊ वाजून दहा मिनिटांनी. आधीच्यांनी वेळ खाल्ला, मग स्पॉन्सरचं काहीतरी लकी ड्रॉ, मग कोणा पाहुण्यांचा सत्कार, शाल श्रीफळ सगळं, म्युझिक फेस्टमध्ये! आणि दहा वाजता बंद करावंच लागतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते बहुतेक गणपती नवरात्रात जातात. म्हणजे हातात पन्नास मिनिटं. साऊंडच्या टेबलाजवळ एक हवालदार साहेब येऊन उभे राहिलेले मी स्वतः बघितले, काही बोलत नव्हते, नुसतं घड्याळ बघत होते.

आणि मला वाटतं त्यामुळेच सेट असा झाला. गाणाऱ्या ताईंनी एवढंच म्हटलं, "बोलणार नाही, वाजवतो," आणि तिथून गाड्याला ब्रेकच नाही. दोन गाण्यांच्या मध्ये थांबणं नाही, एक संपतंय तोवर बेसवाला दुसऱ्याची लाईन धरतोय, हार्मोनियमचा सूर मधे धरून ठेवलेला. सुरुवातच हलगीने. नुसती हलगी, बाकी चौघं हात बांधून उभे. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी, आधी ती बारीक काडी कडेला तडतडत राहिली, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखी पत्र्यावर, आणि मग जाड काठी मधोमध पडली तेव्हा माझ्या शेजारचा एक काका "हाण!" म्हणून ओरडला. कुस्तीच्या मैदानात ऐकलेली असणार त्यांनी. फायबर का नाही ते मला तिथे कळलं. फायबर वाजतं, हे फुटतं.

मग भारूड, त्यावर ड्रम्स आणि बेस, पोरं नाचायला लागली. मग अभंग, आणि इथे ड्रम्स पूर्ण बंद, हार्मोनियम आणि आवाज एवढंच. हलगीवाला हळूच मागे सटकला. सगळ्यांना वाटलं पाणी प्यायला गेला असेल, मला माहीत होतं तो कुठे गेलाय, आणि काय सांगू, ते एकट्याला माहीत असण्याची मजा वेगळीच होती. अभंगाच्या शेवटच्या ओळीला तो परत आला तो आधी गमछ्याने काठी पुसत, हलगी चढलेली, एक टक्क, आणि तिथून गोंधळ.

गोंधळात संबळ घेतला त्याने. दोन जोडलेली छोटी वाद्यं, एकाचा आवाज बारीक एकाचा खर्जातला, काड्यांनी वाजवतात, त्यातली एक टोकाला वाकडी. लग्नघरात देवीसमोर पहाटेपर्यंत चालणारी गोष्ट ही लोक बारा मिनिटांत कशी बसवणार असं मला वाटलेलं. बसवली नाही, बारा मिनिटं होती तेवढा तुकडा वाजवला आणि सोडला. दिवटी नव्हती, लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले तर ताईंनी हातानेच खाली करा म्हणून खूण केली. ते मला आवडलं.

नऊ अठ्ठावन्नला संपवलं. लोक "वन्स मोर, वन्स मोर", मावशी सगळ्यात मोठ्याने, ती ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकांत असंच ओरडत आलीय आयुष्यभर. हलगीवाल्याने हलगी उंच धरली, हवालदार साहेबांकडे बोट दाखवलं आणि वाकून नमस्कार केला. साहेब पण हसले. आणि खटकन सगळे हॅलोजन पेटले, फेस्ट संपला, बाहेर निघा.

आता खरी गंमत परतीच्या ट्रेनमध्ये. आम्ही चौघांनी एकच सेट ऐकला आणि चौघांचं मत वेगळं. भाची एकदम पुढे, बॅरिकेडला चिकटून होती, ती म्हणे मामा आवाज बेक्कार होता, नुसता बेस, छातीत धडधडत होतं पण ताईंचे शब्दच कळले नाहीत. मावशीला मागे खुर्ची मिळालेली, ती म्हणे शब्द सगळे कळले पण त्या मोठ्या स्क्रीनवर काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो, डोळे मिटले तेव्हा कुठे बरं वाटलं. आणि मी मधोमध, मित्राबरोबर साऊंडच्या टेबलामागे, मला तर सगळं चोख ऐकू आलं, मला कळेना ही लोकं कुठल्या कार्यक्रमाला गेली होती.

मित्राने मग तुर्भे ते कोपरखैरणे क्लास घेतला. वरती टांगलेले स्पीकर असतात ते मागच्या गर्दीवर रोखलेले असतात, अगदी पुढच्या माणसाच्या डोक्यावरून आवाज जातो, आणि बेसचे मोठे खोके मात्र जमिनीवर, त्याच्याच नाकासमोर. पुढच्या चार रांगांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावायचे असतात, इथे लावले नव्हते. मागचं म्हणशील तर आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, स्टेजपासून सत्तर मीटरवर बसलं की सेकंदाचा पाचवा भाग उशीर, चित्र मात्र लगेच पोचतं. त्यावर उपाय म्हणून मधे खांबांवर स्पीकर लावतात आणि त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर देतात, चित्र पण थोडं मागे घेतात. हे केलं असतं तर मावशीचे पैसे वसूल. टेबलावरचा माणूस मात्र त्याच्या कानाला जे येतं त्यावरच सगळं जुळवतो, म्हणून तिकीट कुठलंही असू दे, त्याच्या मागे उभं राहायचं. आम्ही ७९९वाले होतो आणि भाचीने स्वतःच्या पैशांनी पुढचं १,४९९चं घेतलं होतं. हे ऐकल्यावर ती घणसोलीपर्यंत बोलली नाही.

भाचीचा अजून एक मुद्दा होता, तो मला पटला नाही पण लिहितो. तिला अभंग "सेटमध्ये डाऊन" वाटला, सगळे नाचत होते आणि अचानक थंड. मावशी तिच्याकडे अशी काही बघत होती. मावशीचं उलट, भारुडावर ड्रम्स कशाला, त्यातली गंमत शब्दांत असते, तुम्ही हसायच्या जागी नाचलात. यावर दोघींचं दिघ्यापर्यंत चाललं, समोरच्या सीटवरचे एक काका पण पडले त्यात, ते कार्यक्रमाला नव्हतेच आलेले, पण मत होतं त्यांना.

एक तक्रार बँडची पण, साडेचार दिले पाच का नाही. संबळाचा माईक पहिली तीन-चार मिनिटं बंदच होता, काड्या दिसतायत आणि आवाज नाही. त्याने वाजवता वाजवता मानेने दोनदा खुणावलं, मग कोणीतरी धावत गेलं. आधी साऊंड चेक नीट झाला असता तर हे झालं नसतं, पण चेकच्या वेळेत सत्कार चालू होता, त्यामुळे अर्धा मार्क नक्की कोणाचा कापायचा ते तुम्हीच ठरवा.

खाण्याचं थोडक्यात. वडापाव ऐंशी रुपये आणि आतून गार, नका घेऊ. पन्हं पाण्यासारखं. कोकम सरबत चाळीसला, जिरं आणि काळं मीठ घरचं वाटावं असं, आणि काकू कुपन संपलेल्या पोरांना अर्धा अर्धा ग्लास तसाच देत होत्या, मालक बघत नसताना.

ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी सातच्या आधी पोचू नका, घरून पोटभर पाणी पिऊन निघा, कॅश न्या, सुट्टे न्या. कांदा पण चालेल, गेटवर मावशीची पर्स उघडून बघितली त्या मुलीने, कांदा बघितला, मावशीकडे बघितलं, आणि जाऊ दिलं.

माझ्याकडे साठ रुपयांची कुपनं उरलीत. परत करायला खिडकीवर गेलो तर खिडकी बंद, मागे छापलंय फक्त त्याच दिवशी चालतील. पाकिटात तशीच आहेत.