सॉफ्टबॉलमधील झेलाचा नियम शिकवणारा ऑनलाइन वर्ग : परीक्षण

सॉफ्टबॉलच्या पंचांसाठी तयार केलेला हा ऑनलाइन वर्ग केवळ झेलाच्या नियमाला वाहिलेला आहे आणि पंचगिरी नव्याने सुरू करणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा, असे माझे मत आहे. चेंडू किती सेकंद धरला म्हणजे झेल पूर्ण होतो, हा प्रश्न मैदानावर नेहमी विचारला जातो. प्रत्यक्षात नियमात सेकंदांचा उल्लेखच नाही. चेंडूवर ताबा होता आणि तो जाणूनबुजून सोडला गेला, एवढे सिद्ध होईपर्यंत क्षेत्ररक्षकाने तो हातात किंवा ग्लोव्हमध्ये धरला पाहिजे, हे सूत्र प्रशिक्षक सुरुवातीलाच मांडतात आणि प्रत्येक उदाहरण त्याच कसोटीवर तपासतात.

सर्वांत परिणामकारक तुलना दोन आउटफिल्डरांची, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातील क्षेत्ररक्षकांची, आहे. एकीच्या ग्लोव्हमध्ये चेंडू येताच ती कुंपणावर आदळते आणि त्या धक्क्याने चेंडू निसटतो. दुसरीच्या हातून तो ताबा मिळाल्यानंतर, फेकण्यासाठी ग्लोव्हमधून काढताना पडतो. चेंडू दोघींचाही जमिनीवर पडला, तरी पहिला झेल अमान्य आणि दुसरा मान्य का, हे येथे इतके नीट उलगडले आहे की पंचाची नजर चेंडूइतकीच हातावर का असावी, हे आपोआप पटते. दंड आणि छाती यांच्यामध्ये अडकलेला चेंडू हाताने किंवा ग्लोव्हने पकडेपर्यंत झेल ठरत नाही आणि टोपीने अडवलेला चेंडू झेल मानला जात नाही, हे मुद्दे थोडक्यात पण अचूक आले आहेत.

फाउल टिपचा भाग मात्र घाईत उरकला आहे, याचे वाईट वाटते. बॅटला निसटता लागून थेट कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात गेलेला चेंडू पकडला गेला, तर ती फाउल टिप; तो स्ट्राइक (बॅटरची एक संधी वाया) असतो व खेळ चालू राहतो; उंच उडालेला फाउल (सीमारेषांबाहेरचा) चेंडू झेलला गेला, तर बॅटर बाद होते. वाद याच फरकावरून अधिक होतात, म्हणून येथे आणखी उदाहरणे हवी होती. शिवाय बहुतेक दृश्ये प्रेक्षकांच्या बाजूने चित्रित असल्यामुळे पंचाला प्रत्यक्ष दिसणारा कोन मिळत नाही.

टॅग-अपचे, म्हणजे उंच चेंडू झेलला जात असताना बेसवर थांबून मग पुढे धावण्याच्या नियमाचे, विवेचन उत्कृष्ट आहे : चेंडू पक्का न पकडला जाता हातात उडत राहिला, तरी क्षेत्ररक्षकाचा पहिला स्पर्श होताच धावणाऱ्या खेळाडूला बेस सोडता येतो. हा भाग प्रशिक्षकांनी आपल्या संघालाही दाखवावा.