छपाई झकास, पण अवतरणचिन्हांची खैरात

नाशिकजवळ गंगापूर धरणाकडे आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. त्याचा बोर्ड आणि मेनूकार्ड शालिमारजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही, माणूस भला आहे.

फ्लेक्स एक नंबर. दोन दिवसांत हातात, रंग अजून टिकून. घोळ झाला तो इंग्रजीत. ‘क्लीन’ रूम्स, ‘होममेड’ फूड असं दोन्ही शब्दांना अवतरणचिन्हं लावून छापलं. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, उठून दिसतं!”

बोर्ड लागला त्याच रविवारी नणंद आली. ती इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. गाडीतून उतरायच्या आधीच हसत सुटली. “वहिनी, हे वाचलं तर ‘म्हणे स्वच्छ’ खोल्या असं वाटतं!”

मराठीत आपण शब्दावर जोर द्यायला एकेरी अवतरण सर्रास टाकतो, शाळेतही तसंच शिकलो. इंग्रजीत जोरासाठी ठळक किंवा तिरपा टाइप वापरतात. एकट्या शब्दाला अवतरण लावलं की लिहिणाराच त्या शब्दापासून हात झटकतोय असं वाचलं जातं. म्हणजे पैसे देऊन मी स्वतःवरच शंका छापून घेतली होती.

आणि जिथे हवं तिथे गायब! मेनूकार्डाच्या मागे एका पाहुण्यांचा अभिप्राय होता, इथल्या भाकरीची सर कुठेच नाही असा. त्यांचे शब्द जसेच्या तसे, म्हणून तिथे अवतरणचिन्हं हवीच. यानं ती काढून टाकली. वाचणाऱ्याला वाटावं, मीच माझी पाठ थोपटतेय.

दुरुस्तीला नणंदेलाच घेऊन गेले. वाक्य संपताना पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर, यावर दोघांची अर्धा तास जुंपली. अमेरिकेत तो आतच टाकतात. ब्रिटिश पद्धतीत अवतरणातल्या मजकुराचा असेल तर आत, नाहीतर बाहेर. आमचं अख्खं वाक्यच पाहुण्यांचं, त्यामुळे दोन्हीकडून आतच! तोवर माझे दोन चहा झाले.

मेनूकार्ड फुकट बदलून दिलं, बोर्डाचे मात्र निम्मे पैसे घेतले. पाचपैकी तीन तारे. मजकुराचं प्रूफ कागदावर मागून घ्या, मोबाइलवर बघून ‘ओके’ म्हणू नका.

जुना फ्लेक्स सरपणावर झाकलाय. ‘क्लीन’वर नेमक्या कोंबड्या बसतात.