रिझर्व्ह बँकेची लोकपाल सेवा : फी शून्य, पण तारखांचा हिशेब चोख हवा

एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून मात्र पैसे गेले. कर्ज फिटून तीन महिने झाले तरी घराचे मूळ कागद शाखेतच पडून आहेत. वसुलीवाला रात्री दहाला चुलत्यांना फोन करतोय. अशा वेळी ‘मॅनेजरला भेट’ आणि ‘सरळ ग्राहक मंचात खेच’ हे दोन सल्ले हमखास मिळतात. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची वाट या दोन्हींच्या मधून जाते. तिथे वकील लागत नाही आणि फीही भरावी लागत नाही. सेवा म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड का कापला ते पुढे येईलच.

१२ नोव्हेंबर २०२१ला एकात्मिक लोकपाल योजना आली आणि बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या), डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगळ्या योजना तिच्यात विरल्या. आपला जिल्हा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येतो, आपली तक्रार कारणांच्या यादीत बसते का, ही शोधाशोध त्यामुळे संपली. आता कारण एकच, ‘सेवेतील त्रुटी’. अर्जही एकाच ठिकाणी : सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. संगणकाशी जमत नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७मधल्या केंद्राकडे साध्या पोस्टाने पत्र पाठवा, अगदी मराठीतून लिहिलेलं चालतं. १४४४८ या टोल-फ्री नंबरवरही मराठीत माहिती मिळते. मात्र तिथे मार्गदर्शन होतं, तक्रार दाखल होत नाही.

आधी समोरची संस्था योजनेत बसते का ते बघा. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका, बऱ्याचशा एनबीएफसी, वॉलेट कंपन्या आणि १ सप्टेंबर २०२२पासून सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या, या सगळ्या बसतात. पतसंस्था बसत नाहीत. नावापुढे ‘मल्टिस्टेट’ असो, शाखेत बँकेसारखं काउंटर असो, पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल हात घालू शकत नाही. आपल्याकडच्या साध्या पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. गृहकर्ज बँकेचं नसून हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर दार नॅशनल हाउसिंग बँकेचं. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जात आणखी एक गोची असते. ॲपचं नाव पोर्टलच्या यादीत सापडत नाही, कारण पैसे दिलेले असतात मागच्या एनबीएफसीने. तिचं नाव कर्जासोबत आलेल्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात असतं. तेच निवडायचं.

सगळ्यात जास्त तक्रारी जिथे उंबरठ्यावरच मरतात ती जागा म्हणजे मुदत. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि ३० दिवस थांबायचं. बँकेने फेटाळली, अर्धवट मान्य केली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर लोकपालाकडे जायचं. उत्तर आलं असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष, आलं नसेल तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष आणि ३० दिवस. या मुदती आणि पुढच्या रकमा २०२१च्या योजनेप्रमाणे आहेत. अर्ज टाकाल त्या दिवशी पोर्टलवरची योजनेची प्रत उघडून एकदा पडताळा. एकोणतिसाव्या दिवशी अर्ज टाकला तर तो ‘अपरिपक्व’ म्हणून बंद होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘लेखी’ कशाला म्हणायचं, यावरही बरंच अडतं. काउंटरवरच्या साहेबांशी झालेलं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. कॉल सेंटरला फोन केला असेल तर तक्रार क्रमांकाचा एसएमएस जपून ठेवा. शाखेत पत्र दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिपायाने नुसतं ‘मिळालं’ लिहून दिलेलं चालवून घेऊ नका. सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे बँकेच्या वेबसाइटवर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्याच ईमेलची प्रत लोकपालाला ‘सीसी’ करून आपण तिकडेही तक्रार केली असं समजणारे पुष्कळ आहेत. ती तक्रार धरली जात नाही, कारण ती लोकपालाला उद्देशून लिहिलेली नसते.

या ३० दिवसांत बँकेच्या आत काय घडायला हवं, हेही माहीत असलेलं बरं. मोठ्या बँकांत ‘अंतर्गत लोकपाल’ नेमलेला असतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर आधी ती त्याच्यापुढे ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे. तुम्ही थेट त्याच्याकडे जाऊ शकत नाही, पण नकाराच्या पत्रात त्याचा उल्लेख शोधा. नसेल तर अर्जात तसं एका ओळीत नोंदवा. ती ओळ बँकेला बरोबर बोचते.

आता अर्ज. मोबाइल नंबर, ओटीपी, संस्थेचं नाव, खाते क्रमांक, मग प्रश्नांची रांग : बँकेकडे तक्रार केली का, कधी, उत्तर आलं का, प्रकरण कोर्टात आहे का, अर्ज वकिलामार्फत आहे का. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘हो’ म्हटलंत की तिथेच गाडी थांबते. वकील फक्त स्वतःच्याच खात्यासाठी अर्ज करू शकतो. वयस्कर आईवडिलांच्या वतीने मुलगा-मुलगी अधिकृत प्रतिनिधी होऊ शकतात, त्यासाठी आईवडिलांची सही असलेलं अधिकारपत्र जोडा. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि मग चिकटवा.

मजकुरात मनस्ताप, अपमान, ‘मी वीस वर्षांचा जुना खातेदार’ यांचे परिच्छेद असतात. नियम आणि तारीख मात्र सापडत नाही. लोकपालाच्या टेबलावर राग मोजला जात नाही. तिथे कोणता नियम मोडला आणि किती दिवस मोडला, एवढंच बघतात. कर्ज फिटल्यानंतरच्या कागदांचं उदाहरण घ्या. १ डिसेंबर २०२३पासून नियम असा आहे की संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. उशिराची चूक बँकेची असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये. मग अर्जातला परिच्छेद इतकाच पुरतो :

‘कर्जाची संपूर्ण परतफेड ४ मार्च. बेबाकी दाखला सोबत. कागदपत्रे देण्याची मुदत ३ एप्रिल. प्रत्यक्ष मिळाली २० मे, शाखेची पोच सोबत. विलंब ४७ दिवस. ४७ गुणिले ५,००० = २,३५,००० रुपये. लेखी मागणी २२ मे, बँकेचे उत्तर नाही.’

बस. याच्यापुढे विशेषणांची गरज नाही. बँकेने कागद हरवले असतील तर दुय्यम प्रती काढून देण्याचा खर्च तिचाच. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे दंडाचं मीटर साठ दिवसांनंतर सुरू होतं. हिशेब करताना हे विसरून आकडा फुगवला की बाकीच्या अर्जावरचा विश्वासही उडतो.

एटीएमच्या तक्रारीत लोक चुकीच्या बँकेकडे जातात. मशीन कोणाचंही असो, तक्रार आपलं कार्ड देणाऱ्या बँकेकडे करायची. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. २ तारखेचा व्यवहार आणि पैसे आले २९ला, तर ७ तारखेनंतरचे २२ दिवस, म्हणजे २,२०० रुपये. नियमाप्रमाणे ही भरपाई न मागता जमा व्हायला हवी. बँक ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून हात वर करत असेल तर तीन गोष्टी नावानिशी मागा : मशीनचा इलेक्ट्रॉनिक जर्नल (प्रत्येक व्यवहाराची आपोआप होणारी नोंद), त्या दिवसाचा रोकड ताळमेळ आणि सीसीटीव्ही चित्रण. चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, त्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच ईमेलमध्ये करायची. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत आणखी कमी, दुसऱ्या दिवसापर्यंतची.

ऑनलाइन फसवणुकीत मात्र ही सेवा अनेकांना निराश करते, आणि त्यात सगळा दोष लोकपालाचा नाही. २०१७पासूनचा नियम ग्राहकाच्या बाजूने चांगला आहे. चूक ना बँकेची ना तुमची, कुठल्या तरी तिसऱ्याच जागी भोक पडलं, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा बोजाही बँकेवर. पण ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेवर येतं ते कळवल्यानंतर गेलेलं. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून थांबू नका, बँकेला वेगळं कळवा आणि किती वाजून किती मिनिटांनी कळवलं ते लिहून ठेवा. १०.४०ला कळवलं आणि १०.५५ला आणखी ४०,००० गेले, तर भांडण त्या चाळीस हजारांचं लढायचं. सगळ्या रकमेवर हट्ट धरला की हातचा मुद्दाही पातळ होतो.

खातं सायबर पोलिसांच्या पत्रावरून गोठवलं असेल तर लोकपालाकडे वेळ घालवू नका. बँक तिथे पोलिसांचा आदेश पाळते, त्यात सेवेतील त्रुटी धरली जात नाही. बँकेकडून पत्राचा संदर्भ क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या आणि तिकडे, नाहीतर कोर्टात जा.

वसुलीच्या छळात नियम स्पष्ट आहे : सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही, आणि एजंटने केलेल्या प्रकाराला बँकच जबाबदार. पुरावा म्हणून कॉल लॉगचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे जोडा. हप्ता थकलाय हे मात्र लपवू नका, बँक ते पहिल्याच ओळीत सांगणार. पतमाहितीतली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये. थकबाकी नसलेलं क्रेडिट कार्ड बंद करायला सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त लावले तर दिवसाला ५००. किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापता कापता बचत खातं उणे करता येत नाही.

अर्ज स्वीकारला गेला की बँकेला उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. मग आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. बऱ्याच बँका याच टप्प्यावर नरमतात आणि पैसे जमा करून मोकळ्या होतात, या सेवेची खरी ताकद तीच. तडजोड झाली नाही तर निवाडा. त्रुटीमुळे पुढे झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत, वेळ-खर्च-मनस्तापासाठी वेगळे १ लाखापर्यंत. मूळ वादाच्या रकमेला मर्यादा नाही.

आणि आता कापलेला दीड गुण. ही झटपट चौकशी आहे. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. सही खोटी आहे, लॉकरमधलं सोनं गेलं, अशा सखोल पुराव्याच्या प्रकरणांना ‘आमच्या कक्षेबाहेर’ असं उत्तर मिळू शकतं. कर्ज का नाकारलं, यातही लोकपाल पडत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय. तक्रार बंद केल्याची पत्रं बरेचदा दोन ओळींची असतात. पण त्यातला कलम क्रमांक नीट वाचा. अर्ज स्वीकारण्याजोगाच नाही म्हणून बंद झाला असेल तर अपील नाही, चूक दुरुस्त करून मुदतीत नवा अर्ज करायचा. तपासून फेटाळला असेल तर कलम बघून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेतल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

जिल्हा ग्राहक आयोगाची वाट शाबूत राहते, पण क्रम महत्त्वाचा. आधी आयोगात गेलात तर त्याच विषयावर लोकपालाचं दार बंद. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची, आणि ती लोकपालाकडे गेल्यामुळे थांबते असं धरून चालू नका. तिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

निवाडा तुमच्या बाजूने लागला तरी फाइल लगेच कपाटात टाकू नका. निवाड्याची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत, तो पूर्ण आणि अंतिम म्हणून मान्य असल्याचं पत्र तुम्ही बँकेला द्यायचं असतं. नाही दिलं तर निवाडा बाद होतो. पत्र पोचलं की बँकेला पैसे द्यायला तिथून पुढे ३० दिवस. या पत्राच्या प्रतीवरही शिक्का, तारीख, सही घ्या.